मलाकी टियर्नीचं पहिलं 'नको'

डेलिया रे हॉलिस डब्लिनला गायला येणार ही बातमी किलब्रॅकमध्ये सर्वांत आधी कुणी आणली, यावरून गावात अजून दोन तट आहेत. शेजारची फिलोमिना क्विगली म्हणते मी आणली. खाटकाच्या दुकानात म्हणतात रेडिओनं आणली. ते काही असो. बाई टेनेसीच्या, गाणी घोड्यांची, मोडलेल्या लग्नांची आणि धुळीच्या रस्त्यांची, आणि दौरा नऊ देशांतल्या बावीस शहरांचा. त्यातली एकच संध्याकाळ आयर्लंडच्या वाट्याला आली होती, जूनमधल्या एका शनिवारची.

मलाकी टियर्नीनं ही बातमी ऐकून नेहमीसारखी नुसती मान डोलावली असती, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण त्याच वेळी त्याची बायको अट्रॅक्टा भांडी विसळता विसळता थांबली. नळ तसाच वाहत राहिला. चौतीस वर्षांच्या संसारात मलाकी एवढं शिकला होता, की अट्रॅक्टा नळ बंद न करता थांबली तर ती गोष्ट तिला मनापासून हवी असते.

"जायचं का आपण?" त्यानं विचारलं.

"छे! काहीतरीच काय. रेडिओवर ऐकू की."

"अगं, जाऊ या."

"नको रे. तुझा गुडघा, त्यात ती गर्दी."

"मी तिकिटं काढतोय."

"बरं, आता तू एवढं म्हणतोच आहेस तर," असं म्हणून अट्रॅक्टानं नळ बंद केला.

किलब्रॅकमध्ये हे असंच चालतं. कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं पण एखादं कारण देऊन, आणि तिसऱ्यांदा नाइलाज झाल्यासारखं घ्यायचं. मग तो चहा असो, कुणाच्या गाडीत मिळणारी जागा असो, की लग्नाची मागणी असो. खुद्द अट्रॅक्टाला मलाकीनं पहिल्यांदा नाचायला बोलावलं तेव्हा नाचाच्या हॉलमध्ये बाया एका भिंतीला आणि पुरुष दुसऱ्या भिंतीला उभे होते, आणि मलाकीनं सगळ्या गावादेखत ती मधली मोकळी जागा तीन वेळा ओलांडली होती. तिसऱ्या खेपेला ती "बरं" म्हणाली.

पहिल्याच फटक्यात हो म्हणणारा माणूस गावात एकच होता, युजीन मॅक्लॉलिन. तो बावीस वर्षं बॉस्टनला राहून परत आलेला. टियर्नींच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा अट्रॅक्टानं "चहा?" एवढंच विचारलं, तर हा म्हणाला, "हो, दोन चमचे साखर, आणि तो केकही चालेल." केक खरं तर फादर डुआन यांच्यासाठी ठेवला होता. ही हकिकत फिलोमिनाला कळायला अर्धा तास लागला आणि गावाला पाऊण. तेव्हापासून मलाकी त्याला 'तो अमेरिकन' म्हणायचा, आणि हे म्हणताना त्याला स्वतःच्या संस्कारांबद्दल फार बरं वाटायचं.

तर तिकिटं. मलाकी गावच्या पतसंस्थेत एकतीस वर्षं उपव्यवस्थापक होता, त्यामुळे कुठल्याही अर्जापुढे तो टाय लावून बसायचा. तिकीटविक्रीच्या सकाळीही तो टाय लावून संगणकापुढे बसला. पडद्यावर आलं की तुमच्यापुढे एक्केचाळीस हजार तीनशे सात माणसं आहेत. मलाकीला रांगेचा राग नव्हता. तो तीन तास हलला नाही. त्याच्यापुढे बारा माणसं उरली तेव्हा संगणकानं विचारलं, तुम्ही अजून आहात का? मलाकी त्या वेळी चष्मा पुसत होता. उत्तर न मिळाल्यामुळे त्याला पुन्हा शेवटी नेऊन उभं केलं, आणि शेवटाला पोचेपर्यंत तिकिटं संपली.

"राहू दे रे," अट्रॅक्टा म्हणाली. तिनं दोनदा म्हटलं, आणि दोन्ही वेळा तिचं लक्ष कपाटावर होतं. कपाटावर खोक्यात तिचे नाचाचे बूट होते, राखाडी, चांदीच्या बकलाचे. गुडघ्याचं निमित्त झाल्यापासून अकरा वर्षांत ते खोकं उघडलं नव्हतं. गुडघा खरं तर सहा महिन्यांत बरा झाला होता. पुढची साडेदहा वर्षं मलाकी नुसता आळसानं बसून राहिला होता, आणि हे त्या दोघांनाही माहीत होतं.

म्हणून रेडिओवर ती स्पर्धा जाहीर झाली तेव्हा मलाकी ताडकन उठला. डेलिया रे प्रत्येक शहरात तीस वर्षांहून जास्त संसार केलेल्या एका जोडप्याला स्टेजवर बोलावत असे, आणि ती तिचं ते जुनं वॉल्ट्झ गात असताना त्या दोघांनी नाचायचं. अट्रॅक्टा ते गाणं इस्त्री करताना गुणगुणायची.

"मी तुला तिथं नाचवणार," मलाकी म्हणाला. "शब्द देतो."

अट्रॅक्टा नको म्हणालीच नाही. एकदाही नाही. मलाकी त्यामुळे जरा घाबरला.

अर्ज चार पानांचा होता. सोबत लग्नाचा सरकारी दाखला हवा, तोही गेल्या सहा महिन्यांत काढलेला. फादर डुआन यांच्याकडे चार गावांची चर्चं असल्यामुळे ते फक्त मोटारीच्या खिडकीतून भेटत. त्यांनी तिथूनच सांगितलं की चर्चची नोंदवही हवी तेवढ्या वेळा दाखवीन, पण त्या अमेरिकन लोकांना देवाची सही चालत नाही. मग नोंदणी कचेरी. ती मंगळवारी आणि गुरुवारी उघडी, आणि मंगळवारी कचेरीतल्या बाईंची दाढ काढलेली. गुरुवारी खिडकीत नोरीन फॅलन बसली होती. ती मलाकीच्या लग्नात वाढायला होती.

"ओळखीचा पुरावा?" नोरीन म्हणाली.

"नोरीन, तू माझ्या लग्नात बटाटे वाढत होतीस."

"हो, आणि तू तीनदा घेतलेस. पण तू तूच आहेस याचा कागद दे ना."

"पारपत्राची मुदत संपलीय."

"मग विजेचं बिल."

"ते अट्रॅक्टाच्या नावावर आहे."

"मग तिलाच पाठव. ती कोण आहे ते सिद्ध झालं की ती तुझी बायको आहे हेही सिद्ध होईल, आणि मग तू आपोआपच तिचा नवरा ठरशील."

मलाकीला राग आला, पण बोलायला तोंड नव्हतं. एकतीस वर्षं तो खिडकीच्या आतल्या बाजूनं हेच बोलत आला होता. घरी जाताना त्याला अशा कितीतरी म्हाताऱ्या बाया आठवल्या ज्यांना त्यानं एका कागदासाठी परत पाठवलं होतं, आणि त्याला पहिल्यांदाच त्यांची नावं आठवेनात.

दाखला झाला, तर डॉक्टरांचं पत्र हवं, की अर्जदार स्टेजच्या नऊ पायऱ्या विनासायास चढू शकतो. दवाखान्याला पायऱ्या पाचच. डॉक्टर म्हणाले, पाच चढ, उतर, आणि पुन्हा चार चढ. बाहेर बसलेल्या पेशंटांनी हे सगळं बघून आपापली मतं दिली. एकजण म्हणाला कठडा धरायचा नाही. एकीनं आपल्या सासऱ्यांची गोष्ट सांगितली, जे सातव्या पायरीवर गेले. मलाकीनं विचारलं नाही की कुठे गेले.

राहिली अर्ध्या मिनिटाची नाचाची चित्रफीत. ती काढायला फिलोमिना आली, कारण तिला न बोलावण्याचा उपाय अजून कुणाला सापडलेला नाही. पहिल्या चित्रफितीत तिचं बोट होतं. दुसरीत नुसतं भांड्यांचं कपाट होतं, पण सुरेख आलं होतं. तिसरीत नाच होता, पण फिलोमिनाही होती, म्हणजे तिचा आवाज: "मलाकी, कंबर! कंबर आहे ना तुला?" नवव्या खेपेला मलाकीनं अट्रॅक्टाच्या पायावर पाय दिला आणि "माफ कर गं" म्हणाला, आणि ती हसायला लागली. इतकी हसली की तिनं त्याच्या खांद्यावर कपाळ टेकलं. फिलोमिनानं चुकून तीच पाठवली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. सबंध आयर्लंडमधून तीन जोडपी निवडली होती, त्यांत टियर्नींचं नाव पहिलं. म्हणून त्यांना पुढच्या रांगांत बारा जागा मिळणार होत्या, दोघांना दोन आणि सोबत आणायला दहा माणसं. स्टेजवर कोण जाणार ते दौऱ्याची मंडळी त्याच संध्याकाळी येऊन विचारतील. नकार आला तर पुढच्या जोडप्याला विचारतील.

"नकार कोण देणार?" मलाकी खो खो हसला. त्या हसण्याची त्याला पुढे फार लाज वाटली.

दहा माणसं निवडण्यावरून गावात काय काय झालं ते सांगत बसलो तर संध्याकाळ होईल. दोन चुलतभाऊ बोलेनासे झाले. फादर डुआन मोटारीच्या खिडकीतून म्हणाले की मला काही नको, आणि पुढच्या वळणावर थांबून राहिले. मलाकीला तिथंपर्यंत धावत जाऊन आणखी दोनदा विचारावं लागलं. शेवटी नऊ ठरले. दहावी जागा राहिली, आणि डब्लिनला जायला बारा माणसांची छोटी बस गावात एकट्या युजीनकडे होती.

"बस देशील का?" मलाकीनं विचारलं. तो आणखी दोनदा विचारायच्या तयारीनं आला होता.

"देतो की. मीच चालवतो. आणि डिम्फ्नालाही घेतो, तिला बाई फार आवडतात." डिम्फ्ना म्हणजे त्याची बायको.

अशा रीतीनं एका चुलतभावाचं नाव कटलं, आणि युजीन आणि डिम्फ्ना आले.

त्या शनिवारी सकाळी फिलोमिनानं बाळ येशूची मूर्ती कुंपणाखाली आणून ठेवली. गावात लग्न असलं की पाऊस पडू नये म्हणून ती अशीच बाहेर ठेवतात.

"अगं, गाण्याची जागा छपराखाली आहे," मलाकी म्हणाला.

"मग छपरासाठी समज," फिलोमिना म्हणाली.

बसमध्ये फॉइलमधली अंड्याची सँडविच होती, चहाचे चार थर्मास होते, आणि सल्ला तर विचारायलाच नको. पहिलं पाऊल डावं, असं अर्ध्या बसचं म्हणणं. उजवं, असं उरलेल्या अर्ध्या बसचं. मलाकीच्या मांडीवर फाइल होती: दाखला, डॉक्टरांचं पत्र, विजेचं बिल. अट्रॅक्टाच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि त्यात ते बूट. ती खिडकीबाहेर बघत गुणगुणत होती. तिनं केस सेट करून घेतले होते, आणि मलाकीला ती फार सुंदर दिसली. तसं तिला सांगायचं त्याच्या मनात आलं, पण बसमध्ये माणसं होती.

गाण्याची ती जागा एवढी प्रचंड होती की किलब्रॅक तिथं चार वेळा मावलं असतं. निम्मी माणसं गुराख्यांच्या काउबॉय हॅट घालून आलेली, आणि त्यांतल्या बहुतेकांनी गाय लांबूनच पाहिलेली. डेलिया रेनं पाच गाणी म्हटली. मग दिवे जरा उजळले आणि दौऱ्यातली एक मुलगी, गळ्यात ओळखपत्र आणि कानात यंत्र घातलेली, रांगेतून आली. तिचं नाव टॅटम. ती मलाकीसमोर गुडघ्यांवर बसली.

"सर, मॅडम, तुमची ती चित्रफीत आम्ही सगळ्यांनी चाळीस वेळा पाहिली. डेलिया रे तुमच्यासाठी गायला अगदी उत्सुक आहे. याल ना वर?"

आता मलाकीच्या मागे आणि बाजूला दहा माणसं बसलेली होती. फादर डुआन पुढे वाकले होते. फिलोमिनानं श्वास रोखला होता, आणि हे मलाकीनं आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. सगळं गाव बघत असताना, विचारणाऱ्याचं वाक्य संपायच्या आत 'हो' म्हणायचं? त्या अमेरिकनासारखं? विचार करायला वेळच मिळाला नाही. साठ वर्षांची सवय त्याच्या जिभेच्या आधी पोचली.

"छे छे," मलाकी हसून म्हणाला, "आम्ही कुठले! एखाद्या तरुण जोडप्याला द्या की हा मान."

आणि तो पुढच्या आग्रहाची वाट बघत बसला. दुसऱ्या नकारासाठी त्यानं गुडघ्याचं कारणही काढून ठेवलं होतं.

टॅटमनं छातीवर हात ठेवला. "मी अगदी समजू शकते, सर. कुणावरही दडपण आणायचं नाही, हा आमचा नियमच आहे." ती उठली. दुसरी दोन जोडपी पार वरच्या बाजूला बसली होती, आणि बाईंचं पुढचं गाणं सुरू व्हायला मिनिटभर उरलं होतं. टॅटमनं आजूबाजूला पाहिलं. "इथं आणखी कुणी तीस वर्षं संसार केलेलं आहे?"

"आम्ही," युजीन म्हणाला. "तेहतीस."

"याल वर?"

"हो."

बस, एवढंच. त्याला कुणी दाखला विचारला नाही. पायऱ्यांचं कुणी विचारलं नाही. तो आणि डिम्फ्ना मलाकीच्या गुडघ्यांवरून वाट काढत गेले आणि नऊच्या नऊ पायऱ्या चढले, कठडा धरून.

मलाकी तिला हाक मारू शकला असता. टॅटम चार पावलांवर होती. 'अगं मुली, आम्ही येतो,' एवढं म्हणायचं काम होतं. पण नको म्हटलेली गोष्ट स्वतःहून मागायची कशी, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मग त्यानं शेजारी पाहिलं.

अट्रॅक्टा खाली वाकलेली होती. टॅटमला लांबून येताना पाहूनच तिनं बूट बदलायला घेतले होते. उजव्या पायात राखाडी, चांदीच्या बकलाचा बूट होता. डाव्या पायात रोजचा, काळा. दुसरा राखाडी बूट तिच्या हातात होता. तिनं तो थोडा वेळ तसाच धरला आणि मग पिशवीत परत ठेवला.

ते वॉल्ट्झ चार मिनिटांचं आहे. युजीनला नाच येत नाही. तो बॉस्टनमध्ये शिकला असावा तसा, फ्रिज सरकवल्यासारखा, डिम्फ्नाला इकडून तिकडे नेत होता. हजारो लोक मोबाइलचे दिवे हलवत होते. अट्रॅक्टाचा उजवा पाय जमिनीवर ताल धरत होता, एक दोन तीन, एक दोन तीन, आणि मग तोही थांबला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, चर्चच्या पायऱ्यांवर सगळं गाव मलाकीचं सांत्वन करायला उभं होतं. फिलोमिना म्हणाली, मूर्ती घरात ठेवायला हवी होती. कुणी म्हणालं, त्या मुलीचीच चूक, माणसानं निदान तीनदा तरी विचारावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. फादर डुआनही, मोटारीतून. तेवढ्यात युजीन हॅट हातात घेऊन आला.

"मलाकी, मला खरंच वाटलं तुला नकोय. तू नको म्हणालास."

"मी एकदाच नको म्हटलं होतं!" मलाकी ओरडला.

युजीन त्याच्याकडे बघत राहिला. त्याला टोमणा मारता आला असता, पण त्यानं मारला नाही. "माणूस परका असेल तर त्याला कसं कळणार रे?" एवढंच तो म्हणाला. मलाकीला वाटलं, याच्यापेक्षा त्यानं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

घरी अट्रॅक्टा बटाटे उकडत होती. ती रागावलेली नव्हती. तिनं आदल्या दिवसापासून एक शब्दही लागेल असा उच्चारला नव्हता, आणि मलाकीला तेच सोसत नव्हतं. बुटांचं खोकं पुन्हा कपाटावर गेलं होतं, या वेळी दोरीनं बांधून. मलाकीनं टाय सारखा केला, कॅसेट शोधून ते वॉल्ट्झ लावलं आणि हात पुढे केला.

"अट्रॅक्टा, नाचू या?"

"नको."

हे धरूनच चाललेलं होतं. त्यानं हात तसाच ठेवला. "चल ना."

"नको रे, बटाटे उतू जातील."

हेही ठरल्याप्रमाणे. मलाकीनं स्वतः जाऊन गॅस बारीक केला आणि तिसऱ्यांदा तिच्यासमोर उभा राहिला. पन्नास माणसांचा तो हॉल ओलांडून आल्यासारखं त्यानं पुन्हा हात पुढे केला. "अट्रॅक्टा. नाचतेस माझ्याबरोबर?"

अट्रॅक्टानं हात पुसले आणि त्याच्याकडे पाहिलं.

"नको, मलाकी," ती म्हणाली. "आज खरंच नको."

तिचं पहिलं आणि दुसरं नको मलाकी चौतीस वर्षं ओळखत होता. हे तिसरं त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. तो खुर्चीवर बसला. वाईट वाटणं म्हणजे काय ते त्याला त्या खुर्चीवर पुरतं कळलं. कॅसेट वाजत राहिली, आणि ती बंद करायला दोघांपैकी कुणीच हललं नाही.

"माझा एक बूट घालून झाला होता रे," अट्रॅक्टा म्हणाली.

"माहीत आहे. मी पाहिला."

गाणं संपलं. घरात गप्प बसून राहणं तिला कधीच जमलं नव्हतं. तिनं सवयीनं किटली उचलून नळ सोडला. "चहा घेशील?"

"हो," मलाकी म्हणाला.

'अरे घे की थोडा' हे तिच्या ओठांवर आलंच होतं. ते तिथंच राहिलं. किटली हातात घेऊन ती त्याच्याकडे बघत उभी राहिली, आणि नळ मागे वाहत होता.

"एवढं सोपं होतं?" अट्रॅक्टानं विचारलं.

तिनं किटली भरली आणि नळ बंद केला.